अणुभट्टीचा कचरा: खोल पुरून टाकायचा की डोळ्यांसमोर ठेवायचा?

वर्धारोडवासी

फेब्रुवारी २०२५ च्या अर्थसंकल्पात २०४७ पर्यंत १०० गिगावॅट अणुवीज असं लक्ष्य जाहीर झालं. डिसेंबरात संसदेनं शांती कायदा संमत करून खाजगी कंपन्यांनाही या क्षेत्रात येऊ दिलं. आज आपल्या सगळ्या अणुभट्ट्या मिळून नऊ गिगावॅटच्या आसपास आहेत, म्हणजे दहापटीहून मोठी उडी घ्यायची आहे. वीज किती, दर काय, कंपनी कोणती यावर टीव्हीवर भांडणं होतात. वापरून झालेल्या इंधनाचं पुढे काय करणार, यावर कोणी तोंड उघडत नाही. म्हणून हा धागा.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. भट्टीतून काढलेलं इंधन आधी काही वर्षं पाण्याच्या टाकीत थंड होतं. मग तारापूर, कल्पक्कम, ट्रॉम्बे इथल्या प्रकल्पांत ते आम्लात विरघळवून त्यातलं युरेनियम आणि प्लुटोनियम वेगळं काढतात, यालाच पुनर्प्रक्रिया म्हणतात. मागे उरतो तो सगळ्यात जहाल द्रव. तो काचेत मिसळून वितळवतात आणि पोलादी डब्यांत ओततात. हे डबे काही दशकं देखरेखीखाली निवत ठेवायचे आणि नंतर खोल खडकात पुरायचे, असं आपलं धोरण आहे. यातली शेवटची पायरी देशात कुठेच बांधलेली नाही. जागासुद्धा ठरलेली नाही.

मी अणुविजेच्या विरोधात नाही. पण पुरणं हा एकच मार्ग आहे असं गृहीत धरू नये, असं माझं ठाम मत आहे. नेदरलँड्सनं जाड काँक्रीटच्या इमारतीत हा कचरा जमिनीवर ठेवलाय, निदान शंभर वर्षांसाठी. ती इमारत भडक केशरी रंगाची आहे. दर वीस वर्षांनी तिला आधीपेक्षा फिका रंग देणार, म्हणजे आतली उष्णता किती कमी झाली ते रस्त्यावरून जाणाऱ्यालाही कळेल. मला हा मार्ग प्रामाणिक वाटतो. आपल्या पिढीनं वीज वापरली, तर तिचा कचरा आपल्याच नजरेसमोर असावा.

दर हिवाळ्यात अख्खं सरकार आपल्या नागपुरात येतं. त्यांना आणि आपल्या खासदारांना या विषयावर नेमकं काय विचारायचं, तेही इथे ठरवता आलं तर बरं.

लोखंडीपूल

जागा धरून ठेवतो. हा धागा लांब जाणार.

कोराडीकर

काय सांगू राजेहो. तुम्ही हजारो वर्षांच्या गोष्टी करून राह्यले, आमी अजून साध्या राखेतून बाहेर नाही आलो. जुलै २०२२ मध्ये कोराडीच्या कोळशाच्या वीजकेंद्राचा खसाळ्याचा राखेचा बांध फुटला. राखेचं पाणी वावरात, नाल्यात, सगळीकडे. उन्हाळ्यात वारं सुटलं की वाळू घातलेल्या कपड्यांवर राख, पाण्याच्या गुंडावर राख. वीज मुंबई-पुण्याले जाते अन राख इथं राह्यते. आता अणुभट्टीचं तेच होईल, दुसरं काय? ज्याचा आवाज कमी त्याच्या दारात कचरा. पुरा का वर ठेवा, मले एवढंच सांगा, कोणाच्या दारात?

शिरीष_मनीषनगर

कोराडीकर भाऊ, राखेबद्दल शंभर टक्के सहमत. पण त्यातूनच अणुऊर्जेची बाजू निघते. एक हजार मेगावॅटच्या भट्टीतून वर्षाला २५ ते ३० टन वापरलेलं इंधन निघतं. तेवढ्याच कोळशाच्या केंद्रातून निघणारी राख लाखो टनांत मोजावी लागते, आणि त्या राखेतही युरेनियम-थोरियमचा अंश असतो. अणुकचऱ्यातला जहाल भाग आकारमानानं फक्त तीन टक्के, पण एकूण किरणोत्साराचा ९५ टक्के हिस्सा त्याच्यात. म्हणजे खरा त्रासदायक माल अगदी थोडा आहे. त्याची नीट व्यवस्था लावणं माणसाच्या आवाक्यातलं आहे.

तारकर्ली_टू_तकिया

भाबडा प्रश्न. रॉकेटमध्ये भरून सूर्याकडे का नाही पाठवत?

शिरीष_मनीषनगर

नासानं १९७० च्या दशकात याचा रीतसर अभ्यास केला होता. जगात आजवर चार लाख टनांच्या आसपास वापरलेलं इंधन निघालंय. इतकं वजन वर न्यायला किती उड्डाणं लागतील आणि त्यातली किती फसतील, याचा विचार करा. १९८६ मध्ये चॅलेंजर फुटलं, तेव्हा त्यात हे सामान असतं तर?

चंद्रपूरची_माधवी

लांब कशाला जायचं? २ एप्रिल २०२२ ची रात्र आठवते ना? आकाशातून जळते गोळे जाताना नागपुरातूनही दिसले होते. आमच्या सिंदेवाही तालुक्यात लाडबोरीला लोखंडाचं भलंमोठं कडं येऊन पडलं, चिनी रॉकेटचं होतं म्हणतात. कोणाच्या घरावर पडलं नाही हे नशीब. त्याआधी १९७८ मध्ये रशियाचा अणुभट्टीवाला उपग्रह कॅनडात कोसळला होता आणि त्याचे तुकडे बर्फात शोधत हिंडावं लागलं. आकाशातला मार्ग माझ्यापुरता बंद.

रत्नदुर्ग

समुद्राचं नाव कोणी काढायच्या आधी मीच काढते. माहेर राजापूर तालुक्यातलं, सासर नागपूरचं. अनेक देशांनी पिंपांत भरून हा कचरा वर्षानुवर्षं समुद्रात टाकला. १९७२ च्या लंडन करारानं जहाल कचऱ्यावर बंदी आली, तरी सौम्य म्हणवला जाणारा जातच होता. १९९३ मध्ये रशियाचं जहाज जपानच्या समुद्रात किरणोत्सारी पाणी सोडताना उघड झालं. त्याच वर्षी सगळ्याच प्रकारच्या किरणोत्सारी कचऱ्यावर बंदीचा निर्णय झाला. अंटार्क्टिकाच्या बर्फात टाकायची कल्पनाही होती, ती १९५९ च्या करारानं आधीच बाद केलेली. म्हणजे 'तिथे कोणी राहत नाही' असं म्हणता येईल अशा सगळ्या जागा संपल्या. उरली ती जमीन, आणि जमिनीवर कोणीतरी राहतंच.

जैतापूरच्या वेळी आमच्याकडे कचऱ्याचा प्रश्न प्रत्येक सभेत विचारला गेला. उत्तर एकच मिळायचं, शास्त्रज्ञ बघून घेतील. १८ एप्रिल २०११ ला साखरीनाट्यात गोळीबार झाला आणि एक जण गेला. लोकांचं म्हणणं ऐकून न घेता प्रकल्प रेटला की काय होतं ते मी माझ्या माणसांत पाहिलंय. तेव्हा शिरीष यांचं 'माणसाच्या आवाक्यातलं आहे' हे वाक्य मला पुरेसं वाटत नाही. कुठल्या माणसाच्या?

खडकवाचक

आयुष्यभर हातोडी घेऊन विदर्भ फिरलो, म्हणून थोडं सविस्तर लिहितो.

'आपल्या भागातला खडक टणक आहे, तेव्हा इथेच आणून पुरतील' ही भीती मला बऱ्याच जणांनी बोलून दाखवली आहे. नागपूर मोठ्या गमतीच्या जागी वसलंय. सीताबर्डीची टेकडी आणि तिच्या पश्चिमेचा मुलूख हा दख्खनचा काळा बेसॉल्ट. पूर्वेकडे जा, तो संपतो आणि फार जुने नीस खडक लागतात. उत्तरेला कामठीकडे कोळशाचे गोंडवन थर. बेसॉल्ट हातात घेतला तर कठीण लागतो, पण तो लाव्ह्याच्या एकावर एक थरांनी बनलेला आहे. थरांच्या मधल्या फटींतून आणि सांध्यांतून पाणी फिरतं. काटोल-कळमेश्वरच्या विहिरींना पाणी लागतं ते त्याचमुळे. अणुकचऱ्याचा खरा शत्रू पाणी आहे. डबा गंजवतं तेही पाणी आणि आतला माल वर घेऊन येतं तेही पाणी. त्यामुळे असा भेगाळ बेसॉल्ट मी तरी या कामाला सुचवणार नाही.

फिनलंडनं ओल्किलुओतोला चारशे मीटरहून खोल, अतिप्राचीन अखंड खडकात बोगदे खणले. तांब्याचा डबा, त्याभोवती पाण्यानं फुगणारी बेंटोनाइट माती आणि बाहेर खडक, अशी तिहेरी व्यवस्था. २०२४ मध्ये त्यांनी खऱ्या कचऱ्याविना चाचणी सुरू केली. स्वीडननं फोर्समार्कला जानेवारी २०२५ मध्ये काम सुरू केलं. फ्रान्स आणि स्वित्झर्लंडचा भर चिकणमातीच्या खडकावर आहे.

मिठाच्या थरांचा अनुभव संमिश्र. जर्मनीनं आस नावाच्या जुन्या मिठाच्या खाणीत १९६७ ते १९७८ या काळात सव्वा लाखाच्या वर पिंपं ठेवली. पुढे खाणीत पाणी शिरलं, आणि आता ती सगळी पिंपं परत वर काढायचं ठरलंय. अमेरिकेत न्यू मेक्सिकोमध्ये मिठाच्या थरात ६५५ मीटर खाली लष्करी कचरा १९९९ पासून ठेवतात. फेब्रुवारी २०१४ मध्ये तिथलं एक पिंप फुटलं, कारण ते भरताना ओलावा शोषण्यासाठी चुकीचा, सेंद्रिय पदार्थ टाकला गेला होता. मीठ जागच्या जागी राहिलं, घोटाळा पिंप भरणाऱ्यांकडून झाला. जवळजवळ तीन वर्षं ती जागा बंद होती.

तरीही माझं मत पुरण्याच्याच बाजूनं आहे. गॅबन देशात ओक्लोला सुमारे दोन अब्ज वर्षांपूर्वी निसर्गातच युरेनियमची भट्टी पेटली होती. १९७२ मध्ये तिचा शोध लागला. तिच्यातलं प्लुटोनियम आणि बरेचसे जहाल पदार्थ तयार झाले तिथून फारसे हललेच नव्हते. खडक योग्य असेल तर तो हे काम करतो, याचा याहून मोठा पुरावा मिळणार नाही.

आणि धागाकर्त्यांच्या केशरी इमारतीबद्दल. प्लुटोनियम निम्मं व्हायला २४ हजार वर्षं लागतात. आपल्या नागपूरचं बघा. १८५३ पर्यंत भोसले. मग कंपनी सरकार, मग इंग्रजांचे मध्य प्रांत, मग स्वतंत्र भारतात मध्य प्रदेशची राजधानी, १९५६ ला द्विभाषिक मुंबई राज्य, १९६० ला महाराष्ट्र. पावणेदोनशे वर्षंही झाली नाहीत आणि इतक्या राजवटी. पहारेकऱ्याचा पगार प्रत्येक राजवटीनं न चुकता दिला पाहिजे, या अटीवर जहाल माल जमिनीवर ठेवायचा? मला ते धाडस वाटतं.

लोखंडीपूल

काका, हा प्रतिसाद छापून भिंतीवर लावण्याजोगा आहे. वाचनखूण साठवली.

मिहानमधली_अनु

खडकवाचक काका, भूकंपाचं काय? १९९३ मध्ये किल्लारी झालं त्याआधी तो भाग स्थिर समजला जायचा ना?

खडकवाचक

बरोबर बोललीस. ३० सप्टेंबर १९९३ ला किल्लारी आणि २२ मे १९९७ ला जबलपूर. दख्खनचं पठार हलत नाही ही समजूत या दोन्हींनी मोडली. खोल बोगद्याला पृष्ठभागावरच्या घरांपेक्षा हादरे कमी बसतात हे खरं. पण भूकंपानं नवी भेग पडली तर पाण्याला नवी वाट मिळते. म्हणून जागा निवडायला वीस-तीस वर्षं लागतात, आणि ती लागू द्यायला हवीत.

रक्तपेढीतला_मी

याला सरसकट कचरा म्हणू नका, एवढीच विनंती. कर्करोगाच्या किंवा प्रत्यारोपणाच्या काही रुग्णांना रक्त देण्याआधी त्यावर गॅमा किरण सोडावे लागतात. नाहीतर दात्याच्या पांढऱ्या पेशी रुग्णाच्याच शरीरावर उलटतात आणि त्यातून रुग्ण सहसा वाचत नाही. या यंत्रांत सीझियम-१३७ वापरता येतं. भाभा केंद्रानं ते याच जहाल कचऱ्यातून वेगळं काढून काचेच्या कांड्यांच्या रूपात आणलं. डोळ्याच्या कर्करोगासाठी रुथेनियमच्या चकत्याही तिथूनच. सगळं काँक्रीटखाली गाडलं तर हे हाती लागणार नाही. म्हणून मी धागाकर्त्यांच्या बाजूनं. काही दशकं वर ठेवा आणि कामाचं आहे ते काढून घ्या.

चंद्रपूरची_माधवी

पण तेच सीझियम भलत्या हाती गेलं तर? १९८७ मध्ये ब्राझीलच्या गोयानियात बंद पडलेल्या दवाखान्यातून उपचाराच्या यंत्राचा भाग चोरीला गेला. निळं चमकतं म्हणून लोकांनी ती पूड घरी नेली, अंगाला लावली. चार जण गेले, त्यात एक लहान मुलगी होती. आपल्याकडे २०१० मध्ये दिल्लीच्या मायापुरीत भंगारात कोबाल्ट सापडलं आणि एक कामगार दगावला. वापर वाढला की अशा वस्तूंचा माग ठेवणंही तितकंच वाढायला हवं.

रक्तपेढीतला_मी

पूर्ण सहमत. आमच्याकडच्या प्रत्येक स्रोताची नोंद, तपासणी आणि मुदत संपल्यावर परत पाठवणं, हे सगळं नियमानं बांधलेलं आहे. ती शिस्त कागदावरून खाली उतरून भंगारवाल्यापर्यंत पोचली पाहिजे.

शिरीष_मनीषनगर

पुरण्याला खरा पर्याय ठेवण्यात नसून जाळण्यात आहे. होमी भाभांनी तीन टप्प्यांचा कार्यक्रम आखला तो आपलं थोरियम वापरता यावं म्हणून, पण त्यात हेही साधतं. पहिल्या टप्प्यातलं प्लुटोनियम दुसऱ्या टप्प्यातल्या शीघ्र प्रजनक भट्टीत इंधन म्हणून वापरायचं. २४ हजार वर्षांचा जो बाऊ होतो तो प्लुटोनियमचा. ते काढून वापरलं की मागे मुख्यतः सीझियम आणि स्ट्रॉन्शियम, म्हणजे तीस वर्षांत निम्मे होणारे पदार्थ. तीनशे वर्षांत त्यांचा प्रश्न जवळपास मिटतो. बेल्जियममध्ये प्रवेगकाच्या (कणांना प्रचंड वेग देणाऱ्या यंत्राच्या) मदतीनं उरलेले दीर्घायुषी पदार्थ तोडण्याचा मिऱ्हा नावाचा प्रकल्पही चालू आहे. अमेरिकेनं १९७७ मध्ये राजकारणापायी पुनर्प्रक्रिया सोडली. आपण सोडली नाही याचा मला अभिमान आहे.

रत्नदुर्ग

शिरीष, कल्पक्कमच्या त्या शीघ्र प्रजनक भट्टीचं बांधकाम २००४ मध्ये सुरू झालं आणि इंधन भरायला सुरुवात होतेय असं मार्च २०२४ मध्ये जाहीर झालं. एकाच भट्टीला वीस वर्षं. शंभर गिगावॅटचा कचरा जाळायला किती भट्ट्या आणि किती पिढ्या लागतील? आणि काढलेलं सगळं प्लुटोनियम जाळलं तरी आयोडीन-१२९ आणि टेक्नेशियम-९९ राहतातच. त्यांचं आयुष्य लाखो वर्षांचं. पुनर्प्रक्रियेनं ढीग लहान होतो, संपत नाही. तुम्हालाही शेवटी खड्डा लागणारच आहे, फक्त लहान.

शिरीष_मनीषनगर

लहान खड्डा आणि मोठा खड्डा यात फरक आहेच ना, ताई. पण मुद्दा मान्य, काही ना काही पुरावं लागणार.

विधिज्ञ_सदर

आता राजकारणाचं बोलू, कारण धाग्याचा खरा विषय तो आहे.

अमेरिकेत १९८२ च्या कायद्यानं अनेक जागांचा तौलनिक अभ्यास करायचं ठरलं होतं. १९८७ मध्ये काँग्रेसनं तो कायदा बदलून फक्त नेवाडातल्या युक्का पर्वताचाच अभ्यास करा म्हटलं. नेवाडाची लोकसंख्या तेव्हा थोडी आणि संसदेत वजन कमी. पुढे त्याच नेवाडाचे हॅरी रीड सिनेटमध्ये बहुमताचे नेते झाले आणि ओबामांच्या काळात प्रकल्पाचा पैसाच थांबला. आज तिथलं ९० हजार टनांच्या आसपास इंधन सत्तरहून अधिक ठिकाणी टाक्यांत आणि पिंपांत पडून आहे. १९९८ पासून ते उचलायची जबाबदारी सरकारनं कायद्यानं घेतली होती. ती पाळता आली नाही म्हणून वीज कंपन्यांना नुकसानभरपाई द्यावी लागतेय.

जर्मनीत गोर्लेबेनला कचऱ्याच्या गाड्या यायच्या तेव्हा हजारो लोक रुळांवर बसायचे. २०२० मध्ये ती जागा कायमच्या जागेसाठीच्या यादीतून बाहेर गेली.

आपल्याकडे २०१२ मध्ये तमिळनाडूतल्या कुडनकुलम अणुप्रकल्पाच्या खटल्यात कचरा ठेवण्यासाठी कर्नाटकातल्या कोलारच्या सोन्याच्या खाणीचं नाव निघालं आणि कोलारमध्ये बंद पाळला गेला. लगेच केंद्रानं तसा काही विचार नाही म्हणून सांगितलं. त्या खाणीत १९८० च्या दशकात खडक तापवून पाहण्याचे प्रयोग झाले होते, ही माहिती मात्र तोवर किती जणांना होती? मे २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं कुडनकुलमला परवानगी देताना कायमस्वरूपी जागेचं काम लवकर मार्गी लावा असं बजावलं. नंतर आवारातच वापरलेलं इंधन ठेवायची सोय करायची ठरली, तर २०१९ ची जनसुनावणी पुढे ढकलावी लागली. फेब्रुवारी २०२२ मध्ये तमिळनाडूचे तेव्हाचे मुख्यमंत्री स्टालिन यांनी पंतप्रधानांना विरोधाचं पत्र लिहिलं.

या सगळ्यात एक गोष्ट सारखी दिसते. जागा आधी वर ठरते आणि गावाला वर्तमानपत्रातून कळते.

धागाकर्त्यांसाठी एक सूचना. अणुऊर्जा हा केंद्र सूचीतला विषय आहे, त्यामुळे अधिवेशनात आमदार यावर कायदा करू शकत नाहीत. पण जमीन, पाणी आणि पोलीस राज्याकडे. तेव्हा आमदारांना विचारायला भरपूर जागा आहे.

कोराडीकर

वकीलसाहेब, हेच तर म्हणत होतो मी. वर्तमानपत्रातून कळते.

अडम_ते_मनसर

खडकवाचक काकांच्या राजवटींच्या मुद्द्याला जोडून. काटोल रोडवर जुनापाणीला शेकडो शिळावर्तुळं आहेत. लोहयुगातल्या लोकांच्या दफनाच्या जागा, अडीच-तीन हजार वर्षांपूर्वीच्या. मोठमोठे दगड गोल रचलेले, काही दगडांवर वाटीसारखे खोलगे कोरलेले. त्या खुणांचा अर्थ आज कोणालाच लागत नाही. इंग्रजांनी एकोणिसाव्या शतकातच ती उकरली, आत लोखंडी हत्यारं, घोड्याचे साज, मडकी निघाली. मुद्दा असा की पुरणाऱ्यांनी 'इथे काही आहे' असं दगडांनी सांगून ठेवलं, आणि पुढच्यांनी तेच बघून खणलं. न्यू मेक्सिकोच्या खाणीवर दहा हजार वर्षं टिकेल अशी धोक्याची खूण कशी लावायची, यावर अमेरिकेनं भाषातज्ज्ञ, मानववंशशास्त्रज्ञ बसवले होते. मला तरी वाटतं, खूण जितकी मोठी तितकी खणणाऱ्याची उत्सुकता मोठी.

मिहानमधली_अनु

बापरे, मी जन्मापासून नागपुरात आणि जुनापाणी पाहिलेलं नाही. कसं जायचं?

अडम_ते_मनसर

फेटरीच्या अलीकडे, रस्त्यालगतच आहे. सकाळी लवकर जा, ऊन तिरपं असताना खोलगे नीट दिसतात. सोबत डबा न्या, जवळ सावली कमी आहे. दगड हलवू नका, लोक फोटोसाठी चढतात त्यांनाही हटका.

लोखंडीपूल

एका रविवारी सगळेच जाऊ. खडकवाचक काका दगड सांगतील, तुम्ही इतिहास सांगा. तर्री पोह्यांचा खर्च माझा. आता परत विषयावर या.

गुरुजी_धानोरा

मी गडचिरोलीत शिकवतो. आमच्या तालुक्यातलं मेंढा-लेखा सर्वांना माहीत असेल. 'दिल्ली-मुंबईत आमचं सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार' ही घोषणा तिथली. तिथे ग्रामसभेत बहुमतानं निर्णय होत नाही, सर्वांचं एकमत व्हावं लागतं. एकानंही नाही म्हटलं तर पुन्हा बसायचं, पुन्हा बोलायचं. विषय समजून घ्यायला गावानं अभ्यासगट चालवले, बाहेरचे जाणकार बोलावले. २००९ मध्ये त्यांना सामूहिक वनहक्क मिळाला तो अशा तयारीतून.

हे सांगतो कारण 'गावकऱ्यांना अणुविज्ञान कळणार नाही' असं कोणी म्हणेल म्हणून. समजावून सांगणारा मिळाला आणि घाई नसली की कळतं. २०१३ मध्ये ओडिशातल्या नियमगिरीत सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशावरून ग्रामसभांना विचारलं, त्यांनी खाणीला नकार दिला आणि तो मानला गेला. मग अणुकचऱ्याच्या बाबतीत का विचारू नये?

शिरीष_मनीषनगर

गुरुजी, आदर राखून विचारतो. प्रत्येक गावानं नाही म्हटलं तर? कचरा तर तयार झालेला आहे. नाही म्हणून तो नाहीसा होत नाही.

गुरुजी_धानोरा

नाही म्हणण्याचा अधिकार खरा असला की हो म्हणायचा विचार तरी होतो. तो नसला की माणसाच्या हाती फक्त रस्त्यावर उतरणं राहतं.

विधिज्ञ_सदर

गुरुजींच्या म्हणण्याला आधार आहे. स्वीडनमध्ये नगरपालिकेला नकाराधिकार आहे. फोर्समार्क ज्या नगरपालिकेत येतं त्या ओस्थामरच्या लोकांना तो असूनही त्यांच्या परिषदेनं होकार दिला. फिनलंडमध्ये ओल्किलुओतो जिथे येतं त्या एउराजोकीच्या परिषदेनं २००० मध्ये संमती दिली आणि पुढच्या वर्षी संसदेत १५९ विरुद्ध ३ मतांनी ठराव झाला. दोन्ही ठिकाणी अणुभट्ट्या आधीपासून होत्या, लोकांना त्यांची ओळख होती, हेही खरं. कॅनडानं २०२४ मध्ये जागा ठरवली तीही इग्नेस गाव आणि वाबिगून लेकचे आदिवासी यांनी तयारी दाखवल्यावर. नेवाडाला विचारलं नाही, तिथे पैसा आणि काळ दोन्ही गेला.

रत्नदुर्ग

आणि आपल्या जवळचं चुटका विसरू नका. मंडला जिल्ह्यातले जे लोक बरगी धरणात एकदा उठले, त्यांनाच अणुप्रकल्पासाठी पुन्हा उठायला सांगितलं. संमतीबद्दल बोलायचं तर सुरुवात तिथून करावी.

वर्धारोडवासी

सगळं वाचलं. माझ्या मूळ प्रश्नाकडे येतो.

काकांचा राजवटींचा मुद्दा फार जोरकस आहे. चोवीस हजार वर्षं पहारा शक्य नाही हे उघडच. पण मी कायम वर ठेवा म्हणत नाही. शंभर वर्षं वर ठेवणं म्हणजे योग्य खडक शोधायला, गावाशी बोलायला आणि रक्तपेढीतल्या मित्रानं सांगितलेले कामाचे पदार्थ काढायला मिळणारा वेळ. तोवर डबे निवतातही. फ्रान्सनं २००६ च्या कायद्यानं, पुरलं तरी किमान शंभर वर्षं परत काढता आलं पाहिजे अशी अट घातली. आसच्या खाणीत ती सोय नव्हती म्हणून जर्मनी आज हैराण आहे. घाईनं बंद केलेलं भोक मला उघड्या इमारतीपेक्षा जास्त भयंकर वाटतं.

खासदार-आमदारांना विचारायचं ते असं लिहितोय. खाजगी कंपनी चाळीस-साठ वर्षं वीज विकून निघून गेली, तर तिच्या कचऱ्याचा पुढचा खर्च कोणाच्या खिशातून? फिनलंडमध्ये कंपन्या भट्टी चालू असतानाच सरकारी निधीत पैसे भरतात, तसा निधी इथे कधी आणि किती? कायमची जागा शोधताना त्या गावाला नकाराचा अधिकार कायद्यात लिहून देणार का? आणि देशाचे उत्तर-दक्षिण, पूर्व-पश्चिम महामार्ग आपल्या शहरात छेदतात. उद्या हा माल इकडून तिकडे न्यायचा झाला आणि तो नागपूरवरून जाणार असेल, तर अग्निशमन दल आणि मेडिकलच्या डॉक्टरांना त्याचं प्रशिक्षण कोण देणार?

कोराडीकर

शेवटचा प्रश्न पयले ठेवा. बाकीचं दिल्लीचं हाय, थो आपल्या रस्त्याचा हाय. अन राखेचाही एक टाका त्याच पत्रात. आज जो कचरा समोर पडून हाय तो सांभाळता येत नसंल तर पुढच्याचा भरोसा कसा ठेवायचा?

वर्धारोडवासी

राखेचा टाकला. क्रमही बदलला.

शिरीष_मनीषनगर

मीही सही करतो. निधीचा प्रश्न तर अणुऊर्जेच्या समर्थकांनीच सगळ्यात आधी विचारायला हवा. फक्त पुनर्प्रक्रियेला विरोध असल्यासारखं कुठे वाचलं जाऊ नये, तेवढं बघा.

खडकवाचक

माझीही सही धरा, मी पुरण्याच्या बाजूचा असलो तरी. एक प्रश्न जोडा. जागेचा अभ्यास करायला खोल छिद्रं पाडतात, त्यातून खडकाचे गाभे निघतात, भूजलाच्या नोंदी होतात. ते अहवाल त्या गावाला मराठीत, खणकाम चालू असतानाच मिळणार का? अमेरिकेत २०१६ मध्ये नॉर्थ डकोटात नुसतं चाचणीचं छिद्र पाडायला गेले, लोकांना आधी नीट सांगितलं नव्हतं, आणि तिथून परत फिरावं लागलं. माझ्या नोकरीत गावकरी बांधावर उभे राहून विचारायचे, साहेब काय निघालं? आम्हाला सांगायची परवानगी नसायची.

वर्धारोडवासी

जोडला, काका. मसुदा उद्या रात्री इथेच टाकतो. ज्यांना सही करायची आहे त्यांनी नाव आणि गाव व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा. गुरुजी, धानोऱ्यातून कोणी सही करणार असेल तर त्यांना आधी पूर्ण मसुदा वाचून दाखवा, बदल सुचवले तर ते आधी करू.

गुरुजी_धानोरा

मंगळवारी ग्रामसभा आहे, तिथे वाचतो. त्याआधी पाठवू नका.